नव्यासारखी केलेली जुनी पिकअप घ्यायचीय? सोलापुरात गाडी बघायला जाण्याआधी

विजापूर रोडनं जाताना एखाद्या गॅरेजपुढं ती उभी असते. गोल दिवे, दोन रंगांची केबिन, हौद्याला पॉलिश केलेल्या लाकडी फळ्या, काचेवर ‘विकणे आहे’. मला तिथून सरळ पुढं जाता येत नाही. थांबतो, वाकून गाडीच्या खाली बघतो आणि मालकाला पहिला प्रश्न विचारतो, “हिचं मूळ इंजिन कुठलं होतं?”

अशा गाडीवर दोन वेगवेगळी कामं झालेली असतात. पहिलं रिस्टोअरचं, म्हणजे कंपनीतून निघाली तेव्हा जशी होती तशी परत करण्याचं. दुसरं मॉडिफायचं, म्हणजे मालकाच्या हौसेनं किंवा गरजेनं बदलण्याचं. विकणारा दोन्ही एका दमात सांगतो, “सगळं नवीन केलंय.” घेणाऱ्यानं ही दोन खाती वेगळी मांडायची. काय परत आणलं आणि काय बदललं? पुढच्या प्रत्येक पायरीला हाच प्रश्न हातात ठेवा.

पहिली पायरी: समोर कोणती गाडी आहे ते ओळखा

आपल्या भागात विकायला येणाऱ्या जुन्या पिकअपमध्ये मला सगळ्यात जास्त महिंद्रा दिसतात. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रानं अमेरिकन विलीज जीप इथं जुळवायला सुरुवात केली, आणि पुढं त्याच कुळातून पिकअप आल्या. चपट्या तोंडाची, जिच्यात ड्रायव्हर जवळजवळ इंजिनावर बसतो, ती एफसी-१५०. तिचा आराखडा विलीजचा, अमेरिकेत १९५६ साली आलेला. तिच्यातलं हरिकेन पेट्रोल इंजिन २.२ लिटरचं, चार सिलिंडरचं. या इंजिनात पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, आणि धूर बाहेर सोडणारा खालच्या ब्लॉकमध्ये असतो. त्यामुळं टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, दोन ठिकाणी सेट करावे लागतात. जुन्या मिस्त्रीच्या हाताला ते ठाऊक असतं, तरुण पोराला एकदा दाखवावं लागतं. ऐंशीच्या दशकात प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्यावर बनवलेलं २११२ सीसीचं डिझेल इंजिन महिंद्राच्या गाड्यांत आलं. ते दणकट आहे.

टाटाची टाटामोबाईल १९८८ मधली. तिच्याच पायावर पुढं सिएरा आणि इस्टेट उभ्या राहिल्या, आणि पिकअपमध्ये २०७ आली. बजाज टेम्पोच्या मेटाडोरचा उघड्या हौद्याचा प्रकारही अधूनमधून दिसतो. क्वचित एखादी अमेरिकन डॉज किंवा फार्गो निघते, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली.

पहिलीच गाडी असेल तर महिंद्रा किंवा टाटा घ्या, असं मी ठामपणे सांगेन. कारण सुट्या भागांचं आहे. सोलापुरात यंत्रमागांमुळं चांगल्या हाताचे लेथवाले टिकून आहेत. बुश, पिन, शाफ्ट ते नमुना बघून करून देतात. पण काचेचं रबर, दाराचं हँडल, डॅशबोर्डवरचं मीटर लेथवर होत नाही. अमेरिकन गाडीत अशा एका रबरासाठी वर्ष जातं आणि गाडी पावसात ताडपत्रीखाली राहते.

दुसरी पायरी: गाडीच्या आधी कागद

आरसी बुकाचा फोटो आधी मागवा. तो पाठवायला टाळाटाळ झाली तर गाडी बघायलाही जाऊ नका. नंबर वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर टाका आणि आरसीतला प्रत्येक रकाना ताडून बघा: इंजिन नंबर, चेसिस (गाडीचा सांगाडा) नंबर, इंधन, सीसी, बॉडीचा प्रकार, गाडीचा वर्ग, रंग. हो, रंगसुद्धा. आरसीवर पांढरा आणि समोर मोरपंखी गाडी असेल, तर रंगबदलाची नोंद राहिलेली आहे.

इंधनाच्या रकान्याशी जास्त वेळ थांबा. डिझेल स्वस्त होतं त्या काळात कितीतरी पेट्रोल जीपना डिझेल इंजिन बसवलं गेलं. काहींनी आरटीओत नोंद केली, काहींनी नाही. कागदावर पेट्रोल आणि टाकीत डिझेल असं निघालं, तर नोंदीचं नूतनीकरण, विमा आणि पुढची विक्री तिन्ही अडकतात.

नंबरही बोलतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा, तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि त्यानंतर आपल्याकडं एमएच-१३ सुरू झालं. त्याआधीच्या गाड्यांना तीन अक्षरं आणि पुढं आकडे असायचे. “१९७२ ची गाडी आहे” असं सांगितलं आणि पाटीवर एमएच-१३ असेल, तर हा नंबर केव्हा आणि कशामुळं मिळाला ते विचारा. गाडी दुसऱ्या राज्यातून आलेली असू शकते, ते रीतसर उत्तर आहे. पण उत्तरामागं कागद हवा.

“पंधरा वर्षं झाली की गाडी बाद होते ना?” हा प्रश्न मला प्रत्येक नवखा विचारतो. खाजगी गाडी आपल्याकडं आपोआप बाद होत नाही. पंधरा वर्षांनी आरटीओत तपासणी होते आणि नोंद पाच-पाच वर्षांसाठी वाढते. त्याची फी मात्र वाढली आहे: एप्रिल २०२२ पासून हलक्या चारचाकीला ५,००० रुपये, आणि ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर वीस वर्षांवरच्या गाडीला १०,००० रुपये. वर पर्यावरण कर असतो. नोंद संपलेली असेल तर उशिराचा दंडही चढतो, म्हणून मुदतीची तारीख बघूनच भाव बोला.

गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर हिशोब वेगळा. जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही. लायसन्सची काळजी मात्र मिटली आहे. ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं.

सरकारी खात्याची जुनी गाडी कुणी दाखवली तर सावध व्हा. पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंद १ एप्रिल २०२३ पासून वाढवून मिळत नाही, त्या भंगारातच जातात. त्याआधी लिलावात सुटून खाजगी नावावर चढलेली असेल, तर लिलावाचा आणि नावबदलाचा असे दोन्ही कागद हातात घ्या.

आपण सीमेवरची माणसं. केए-२८ विजयपूरची, केए-३२ कलबुर्गीची, अशा गाड्या इथं सहज येतात, आणि त्या बऱ्याचदा चांगल्या सांभाळलेल्या असतात. अशा गाडीला तिथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, लागतंच. इथला कर भरून नवा नंबर घ्यावा लागतो. हे काम मालकाकडून आधी करून घ्या. “नंतर बघू” म्हणालात की ते तुमच्या डोक्यावर आलं.

आता ‘व्हिंटेज’ या शब्दाबद्दल. जाहिरातीत तो कशालाही लावतात, पण कायद्यात त्याला अर्थ आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खाजगी वापराची, मूळ रूपात जपलेली आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडीच त्यात बसते. नव्यानं नोंदणी करायला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, आणि नोंद दहा वर्षांची. नव्या नोंदणीच्या नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. जुनी नोंद असलेल्या गाडीला तिचा मूळ नंबर ठेवता येतो. आणि अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यायची. म्हणजे हौद्याचं लाकूड बदलून आणि डिझेल इंजिन टाकून मॉडिफाय केलेली पिकअप या नियमात बसत नाही. रोज मार्केट यार्डात न्यायची असेल तर तुम्हाला ती नोंद नकोच आहे. पण कुणी ‘व्हिंटेज नोंद होईल’ या आशेवर जास्त पैसे मागत असेल, तर हे सगळं त्याला वाचून दाखवा.

तिसरी पायरी: सकाळी सातला, थंड इंजिनावर

मालकाला आदल्या दिवशीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. गेल्यावर बॉनेट उघडून ब्लॉकला हात लावा. गरम लागला तर चहा प्या, गप्पा मारा, तास-दोन तास थांबा.

थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा, गरम असताना कधीही नाही. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा डिपस्टिकच्या ऑइलवर दुधाळ साय दिसली, तर हेड गॅस्केट किंवा त्याहून मोठं दुखणं आहे. मग सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही मागं सायलेन्सरजवळ उभे राहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. डिझेल गाडी थंडीत सुरुवातीला थोडा पांढरा धूर सोडते, तो मिनिटा-दोन मिनिटांत जायला हवा. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढा. भक् भक् करत वाफ बाहेर येत असेल तर मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे बोअर थकलेत.

इंजिन बांधल्याचं, म्हणजे पूर्ण उघडून नव्यानं जुळवल्याचं, सांगत असतील तर बोअर, क्रँक, हेड यांच्या कामाची बिलं मागा. रिंगा बदलणं आणि इंजिन बांधणं यांत फार अंतर आहे.

चौथी पायरी: पत्रा आणि चेसिस

इथं घाई करू नका. एक चुंबक, एक पातळ सुती फडकं, बॅटरी (टॉर्च), टेप, ओळंबा आणि खडू घेऊन जा.

चुंबक फडक्यात गुंडाळून केबिनच्या कोपऱ्यांवर, दारांच्या खालच्या कडांवर, पायदानावर, मडगार्डच्या कमानीवर फिरवा. चुंबक जिथं धरत नाही तिथं आत लांबी, म्हणजे रंगाखालची पुट्टी, भरलेली आहे. थोडी लांबी प्रत्येक रंगकामात असते, त्याला दोष नाही. पण बोटभर जाड लांबी म्हणजे कुजलेला पत्रा झाकलाय. छपराच्या पन्हळीत आणि पुढच्या काचेच्या खालच्या रबरात नख घालून बघा, पाणी तिथं मुरतं.

यात आपल्या भागाला एक फायदा आहे. हवा कोरडी, समुद्र लांब, त्यामुळं आयुष्यभर सोलापूर, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडं फिरलेल्या गाडीचा पत्रा कोकणात किंवा मुंबईत राहिलेल्या गाडीपेक्षा कितीतरी चांगला निघतो. गाडी कुठं राहिली हे म्हणून विचारायचं. किनाऱ्यावरून आणून इथं रंगवलेली गाडी वरून इथल्यासारखीच दिसते.

आपल्याकडच्या गाडीला त्रास गंजाचा कमी आणि ओझ्याचा जास्त. ऊस, कांदा, खडी. क्षमतेच्या दुप्पट भरून वर्षानुवर्षं चालवलेल्या पिकअपची चेसिस केबिनच्या मागं वाकते. केबिन आणि हौदा यांच्यातली फट बघा, ती वर आणि खाली सारखी हवी. मग गाडी सपाट फरशीवर उभी करा, पुढच्या आणि मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) चारही टोकांपासून ओळंबा सोडा आणि खाली खडूनं खुणा करा. समोरासमोरच्या तिरप्या खुणांमधलं अंतर मोजा. दोन्ही कर्ण जुळायला हवेत. अर्ध्या इंचाहून जास्त फरक आला तर चेसिस पिळलेली आहे. ती सरळ होते, पण ते काम मोठं आहे आणि भावात उतरायला हवं.

शेवटी खाली झोपून बॅटरी मारा. ताज्या डांबरी काळ्या रंगाला भुलू नका, त्याखाली पॅच झाकतात. चेसिसवर आडवं वेल्डिंग, पाट्यांच्या हँगरजवळच्या चिरा, घासून पुन्हा ठोकलेला नंबर, यांतलं काहीही दिसलं तर फोटो काढा. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा उमटतो. आरटीओतही असाच घेतात. अक्षरांची खोली आणि ओळ सारखी आहे का ते ठशात लगेच कळतं.

मालकाकडं रंग काढून उघड्या पत्र्यावर असतानाचे गाडीचे फोटो असतील, तर तो मालक मनापासून काम केलेला आहे. चांगला रिस्टोअर करणारा माणूस हे फोटो न मागता दाखवतो.

पाचवी पायरी: काय बदललं, आणि ते बरं की वाईट

काही बदल मला आवडतात. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, फार जुन्या गाडीत सहा व्होल्टचं बारा व्होल्ट केलेलं वायरिंग, फ्यूजचा नीट डबा, ब्रेकला बूस्टर, सीटबेल्ट. यामुळं गाडी रोजच्या वापराला येते. जुन्या जीपचे ब्रेक एकाच लाइनीचे असतात. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून उभ्या गाडीत ब्रेक पॅडल मिनिटभर दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल तर कुठंतरी गळतंय.

काही बदल नकोतच. स्टिअरिंगच्या शाफ्टवर किंवा रॉडवर वेल्डिंग दिसलं तर व्यवहार तिथंच थांबवा, कितीही सुंदर गाडी असो. चेसिस कापून लांब केलेली गाडी तशीच. पुढं लावलेल्या जाड गार्डवर केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईच्या सूचना दिल्या आहेत, ते काढून टाकायला सांगा.

कायद्याची बाजू अशी: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीत नोंदलेल्या, कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि नोंद लागते. अपघातानंतर विमा कंपनी पहिलं हेच तपासते. म्हणून प्रत्येक मोठ्या बदलापुढं एकच प्रश्न लिहा: आरसीत आहे का?

पेट्रोल गाडी असेल तर आणखी एक गोष्ट. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या रबरी नळ्या, पेट्रोल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरचे वॉशर त्यानं फुगतात आणि फुटतात. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवल्यात का ते विचारा. नसतील तर घरी आणल्यावर पहिलं काम तेच.

सहावी पायरी: तुळजापूरचा घाट

सोलापूर सपाट आहे, आणि सपाट रस्त्यावर कुठलीही गाडी बरी वाटते. म्हणून चाचणी तुळजापूर रोडला घ्या. पंचेचाळीस किलोमीटर जायचं, शेवटी घाट. शक्य असेल तर हौद्यात पाच-सहा पोती टाका आणि दुपारी निघा.

हे मी शिकलो ते माझ्या पहिल्या पिकअपवर. ती मी सकाळच्या गारव्यात गावातल्या गावात फिरवून घेतली होती. एप्रिलमध्ये घाटाच्या दुसऱ्या वळणावर काटा लालमध्ये गेला आणि पाणी उकळून बाहेर आलं. इंजिन उत्तम होतं. पण मूळच्यापेक्षा वेगळं बसवलेलं, आणि पंखा व रेडिएटर यांच्यात वीतभर अंतर राहिलेलं, भोवती कवचही नाही. वारा रेडिएटरमधून ओढलाच जात नव्हता. ज्यांनी ते इंजिन बसवलं त्यांना हे माहीत होतं, मला सांगितलं नव्हतं. बायको आणि आई सोबत होत्या, तास-दीड तास आम्ही झाडाखाली बसलो. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. इथं कूलिंग नीट नसलेली गाडी वर्षातले चार महिने घरी बसते. नंतर एसी बसवलेला असेल तर रेडिएटरपुढं आणखी एक जाळी येते, तेव्हा एसी चालू ठेवूनच घाट चढा.

चढताना तापमान आणि ऑइल प्रेशरचा काटा बघा. उतरताना ब्रेक: गाडी एका बाजूला ओढते का, दोन-चार वेळा दाबल्यावर पॅडल मऊ पडतं का. सरळ रस्त्यावर स्टिअरिंगमध्ये किती मोकळीक आहे ते बघा. परतल्यावर पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. खडखड झाली तर किंग पिन (जिच्यावर पुढचं चाक वळतं ती) किंवा बेअरिंग गेलंय. टायरवरचे चार आकडेही वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शिल्लक असली तरी उन्हानं कडक झालेला टायर ओल्या रस्त्यावर घसरतो.

सातवी पायरी: भाव

मागितलेल्या किमतीचे कागदावर तीन भाग करा: गाडी, काम, हौस. गाडी म्हणजे स्वच्छ कागद आणि सरळ चेसिस. काम म्हणजे बिलं असलेलं इंजिन, ब्रेक, वायरिंग, पत्रा. हौस म्हणजे लाकडी हौदा, क्रोम, कातडी सीट, म्युझिक. पहिल्या दोन भागांचे पैसे मोकळ्या मनानं द्या. कष्टाचं काम केलेल्या माणसाशी घासाघीस करू नये. तिसऱ्या भागाचे पैसे तुमची आणि त्याची आवड जुळत असेल तेवढेच द्या.

आठवी पायरी: व्यवहार

इसार देताना पावतीवर गाडीचे दोन्ही नंबर आणि ‘कागद न जुळल्यास इसार परत’ हे वाक्य लिहून घ्या. नावबदलाच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर सह्या तुमच्यासमोर व्हाव्यात. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. नावबदलाची खबर विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत द्यायची असते. विमा आपल्या नावावर करायला चौदा दिवस. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते, ती बसली आहे का तेही बघा. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन गाडी तशीच चालवत राहणं आपल्याकडं फार चालतं. कृपा करून ते करू नका. तुमच्या हातून अपघात झाला तर जुना मालक कोर्टात उभा राहतो.

घरी आणल्यावर

पहिल्या आठवड्यात सगळी द्रव्यं बदला: इंजिन ऑइल, गिअर आणि हाउसिंगचं (मागच्या ॲक्सलचं) ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट. पाट्यांच्या पिना आणि किंग पिनला ग्रीस मारा, सगळे यू-बोल्ट आवळा. ताज्या रंगाच्या गाडीत वायरी रंगाखाली अडकून घासल्या जातात, त्या एकदा शेवटपर्यंत हातानं चाचपून बघा. पाचशे किलोमीटर झाले की इंजिन ऑइल पुन्हा बदला. निघालेलं ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळा आणि फडकं उन्हात धरा. नुसता काळेपणा असेल तर ठीक. पिवळसर किंवा चंदेरी कण चमकले तर गाडी त्याच दिवशी मिस्त्रीकडं न्या आणि तोवर चालवू नका.